न्यूरॉलॉजिस्ट निवडताना सरकारी आकडे कसे वाचावेत

गेल्या वर्षी सासूबाईंच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. रात्री पायांवर पांघरुणाचा स्पर्शसुद्धा नको व्हायचा. फॅमिली डॉक्टरांनी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. तिथे पहिल्याच भेटीत, पायांतले मोजे काढायच्या आधीच, आम्हाला सांगण्यात आलं की दोन्ही हात आणि दोन्ही पाय, सगळ्या नसांची तपासणी पुढच्या मंगळवारी करून टाकू.

मी इथे अमेरिकेत मेडिकल बिलिंगचं काम करते. कुठल्या तपासणीला कुठला कोड लागतो हे रोज हाताखालून जातं, त्यामुळे मनात पाल चुकचुकली. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि त्या डॉक्टरांची सरकारी नोंद काढली. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, डॉक्टरांची अशी चौकशी करायची असते का? आपल्याला बरं करणारा माणूस तो."

मी म्हटलं, "आई, चौकशी त्यांची नाही. मंगळवारी आपण त्यांना काय विचारायचं, तेवढंच ठरवतेय."

अमेरिकेत राहणाऱ्या आणि घरातल्या मोठ्यांसाठी न्यूरॉलॉजिस्ट शोधणाऱ्या प्रत्येक मराठी घराला एवढं यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. हे आकडे फुकट आहेत, लॉगिन लागत नाही, आणि वाचायला डॉक्टर किंवा अकाउंटंट असावं लागत नाही. पण ते चुकीचे वाचले तर चांगल्या डॉक्टरवर अन्याय होतो. म्हणून कसे वाचायचे यावर जास्त लिहिते आहे, कुठे सापडतात यावर कमी.

हे आकडे आले कुठून

औषध आणि उपकरण कंपन्या डॉक्टरांना जे काही देतात, म्हणजे जेवण, प्रवासखर्च, भाषणाचं मानधन, सल्ल्याची फी, ते सरकारला कळवणं २०१० च्या आरोग्य कायद्यातल्या एका कलमाने बंधनकारक झालं. हे कलम 'सनशाइन ॲक्ट' या नावाने ओळखलं जातं. चक ग्रासली आणि हर्ब कोल या दोन सिनेटरांनी, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, त्यासाठी पाठपुरावा केला होता. ऑगस्ट २०१३ पासून नोंदी सुरू झाल्या आणि ३० सप्टेंबर २०१४ ला पहिली यादी लोकांसमोर आली. तिचं नाव 'ओपन पेमेंट्स'. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, चालवणारं सरकारी खातं, सीएमएस, तीच यादी दरवर्षी ३० जूनपर्यंत आदल्या वर्षाच्या नोंदींसह प्रसिद्ध करतं.

बिलांच्या आकड्यांची गोष्ट याहून जुनी आहे. मेडिकेअरने कुठल्या डॉक्टरला किती पैसे दिले हे नावानिशी जाहीर करायला फ्लोरिडातल्या एका न्यायालयाने १९७९ मध्ये मनाई केली होती. ती मनाई २०१३ मध्ये उठली आणि एप्रिल २०१४ मध्ये डॉक्टरवार बिलांचे आकडे पहिल्यांदा खुले झाले. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ जे पेशंटला कळू शकत नव्हतं, ते आज फोनवर दिसतं.

पायरी पहिली: डॉक्टरांचा एनपीआय नंबर

नावाने शोधू नका. आपल्याच नावांचं बघा ना: जोशी, कुलकर्णी, देसाई, पटेल या आडनावांचे डॉक्टर इथे ढिगाने आहेत, आणि एकाच डॉक्टरचं नाव तीन ठिकाणी तीन स्पेलिंगने लिहिलेलं असतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टर तर जुन्याच नावाखाली सापडतात.

प्रत्येक डॉक्टरला दहा आकडी एनपीआय नंबर असतो आणि तो आयुष्यभर बदलत नाही. सीएमएसच्या एनपीआय रजिस्ट्रीत आडनाव, राज्य आणि शहर टाकलं की तो मिळतो. क्लिनिकच्या जुन्या बिलावरही छापलेला असतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: न्यूरॉलॉजिस्टचा प्रकार तिथे 'सायकिअॅट्री अँड न्यूरॉलॉजी' या शीर्षकाखाली येतो. ते वाचून आमच्या एका शेजारणीला वाटलं की आपल्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलंय. तसं काही नाही, दोन्ही शाखांचं बोर्ड एकच आहे.

क्लिनिकला वेगळा एनपीआय असतो. तुम्हाला व्यक्तीचा हवाय, संस्थेचा नाही.

नंबर वहीत लिहून घ्या आणि पुढे सगळीकडे तोच वापरा.

पायरी दुसरी: कंपन्यांनी काय दिलं

ओपन पेमेंट्सच्या शोधपानावर डॉक्टर उघडले की वर्षाची एकूण रक्कम मोठ्या अक्षरात दिसते. त्या रकमेवर थांबू नका. बहुतेक लोक तिथेच थांबतात आणि तिथेच चुकतात.

रक्कम तीन भागांत विभागलेली असते. पहिला भाग साधी पेमेंट्स: जेवण, प्रवास, सल्ला, भाषण, मानधन, रॉयल्टी. दुसरा संशोधनाचा. तिसरा कंपनीतल्या मालकीचा किंवा गुंतवणुकीचा. संशोधनाचा आकडा कधी कधी लाखांत असतो आणि बघून धडकी भरते. पण तो पैसा बहुतेक वेळा डॉक्टरच्या खिशात जात नाही. औषधाची चाचणी चालवण्यासाठी रुग्णालयाला किंवा विद्यापीठाला दिला जातो, त्यातून नर्सचे पगार, एमआरआय, रक्ततपासण्या होतात, आणि चाचणीचे प्रमुख म्हणून डॉक्टरचं नाव त्याला जोडलेलं असतं. अल्झायमर किंवा एएलएससारख्या आजारात तर नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेता येईल असा डॉक्टर आपल्याला हवाच असतो. तिथे मोठा संशोधन निधी ही जमेची बाजू ठरू शकते.

आता साधी पेमेंट्स उघडा आणि ओळ न् ओळ वाचा. प्रत्येक ओळीत कंपनीचं नाव, तारीख, रक्कम, कशासाठी दिले आणि कुठल्या औषधाच्या किंवा उपकरणाच्या संदर्भात दिले हे असतं. खरी माहिती त्या शेवटच्या रकान्यात आहे.

एक ओळ जवळून बघू. समजा लिहिलंय: जेवण, १८ डॉलर, मार्च महिना, अमुक मायग्रेनचं इंजेक्शन. म्हणजे कंपनीचा माणूस दुपारी क्लिनिकमध्ये सगळ्या स्टाफसाठी सँडविच घेऊन आला, पंधरा मिनिटं औषधाबद्दल बोलला, आणि जेवणाचा खर्च माणशी वाटून डॉक्टरच्या नावावर त्याचा वाटा लागला. अशा वर्षाला दहा-बारा ओळी इथे फार नेहमीच्या आहेत. त्यावरून कुणाला भ्रष्ट म्हणू नये. तरीही त्या ओळी अगदी निरर्थक नाहीत. २०१६ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की वीस डॉलरपेक्षा कमी किमतीचं एकच जेवण घेतलेले डॉक्टरसुद्धा त्या ब्रँडचं औषध जास्त प्रमाणात लिहीत होते. जेवणामुळेच लिहिलं असं त्यातून सिद्ध होत नाही, फक्त दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. पण म्हणूनच कुठल्या औषधाचं जेवण होतं ते बघायचं.

भाषणांचं मानधन हा प्रकार मात्र मी जास्त बारकाईने बघते. कंपनी एखाद्या हॉटेलात संध्याकाळचा कार्यक्रम ठेवते, डॉक्टर तिथे कंपनीच्या स्लाइड्स घेऊन बोलतात आणि प्रत्येक खेपेला हजारांत मानधन मिळतं. वर्षात अशी वीस-पंचवीस भाषणं, सगळी एकाच औषधावर, असं दिसलं की त्या औषधाबद्दल डॉक्टरांचं मत ऐकताना मी दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घेते. न्यूरॉलॉजीत या शंकेला आधार आहे. २०२२ मध्ये बायोजेन कंपनीने ९० कोटी डॉलर भरून एक खटला मिटवला. मल्टिपल स्क्लेरोसिसची आपली औषधं लिहावीत म्हणून डॉक्टरांना भाषणाचं मानधन, सल्ल्याची फी आणि जेवणं दिली, असा आरोप कंपनीच्याच एका माजी कर्मचाऱ्याने केला होता. कंपनीने आरोप नाकारले आणि तडजोड केली. त्याआधी २०१९ मध्ये 'न्यूडेक्स्टा' या औषधाच्या प्रकरणात अवानिर कंपनीने साडेनऊ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचं मान्य केलं. आवर न घालता येणाऱ्या रडण्या-हसण्यावरचं ते औषध वृद्धाश्रमातल्या स्मृतिभ्रंशाच्या पेशंटना खपवलं जात होतं, असं ते प्रकरण होतं.

आणि यादीत काहीच नसलं तर? त्याचा अर्थ डॉक्टर उत्तम असा होत नाही. काही मोठ्या रुग्णालयांत कंपनीचं जेवण घ्यायलाच बंदी असते. कायद्यानेही अगदी छोट्या रकमा कळवाव्या लागत नाहीत. सुरुवातीला दहा डॉलरखालची आणि वर्षाला एकूण शंभरच्या आतली पेमेंट्स वगळली होती, आणि महागाईप्रमाणे ही मर्यादा दरवर्षी थोडी वाढते. क्लिनिकमधल्या नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट यांच्या नोंदी २०२१ पासूनच्याच मिळतात. बऱ्याच ठिकाणी फेरतपासणीला तेच भेटतात, तेव्हा त्यांचंही नाव टाकून बघा.

पायरी तिसरी: औषधांच्या चिठ्ठ्या

मेडिकेअरच्या औषध योजनेत, म्हणजे पार्ट डीमध्ये, कुठल्या डॉक्टरने कुठलं औषध किती वेळा लिहिलं हे सीएमएसच्या डेटा साइटवर वेगळं मिळतं. इथे एनपीआय टाकला की औषधांची लांबलचक यादी येते.

आधीच्या पायरीत ज्या कंपनीचं नाव ठळक दिसलं, तिचं औषध या यादीत कितव्या क्रमांकावर आहे ते बघा. न्यूरॉलॉजिस्टच्या यादीत वर साधारण गॅबापेंटिन, लेव्हेटिरॅसिटम, कार्बिडोपा-लेव्होडोपा, टोपिरामेट अशी जुनी, स्वस्त, जेनेरिक औषधं असतात. या यादीच्या डोक्यावर एखादं महागडं ब्रँड औषध बसलेलं असेल आणि त्याच कंपनीकडून भाषणाचं मानधनही आलं असेल, तर विचारायला जागा आहे.

मात्र डॉक्टरांची उपशाखा आधी समजून घ्या. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या तज्ज्ञाची यादी महागच असणार, कारण त्या आजाराची औषधंच महाग आहेत. एपिलेप्सीच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, तज्ज्ञाला नवी ब्रँड औषधं लिहावीच लागतात, कारण त्याच्याकडे तेच पेशंट येतात ज्यांना जुन्या औषधांनी गुण आला नाही.

पायरी चौथी: बिलांचे आकडे, आणि इथे जरा थांबू

मेडिकेअरचे डॉक्टरवार बिलांचे आकडे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. इथे जितकी माहिती आहे, तितकीच फसगतही होते.

एका ओळीत एक कोड असतो. त्यापुढे किती पेशंट, किती 'सर्व्हिसेस', डॉक्टरने सरासरी किती मागितले, मेडिकेअरने किती मान्य केले आणि प्रत्यक्ष किती दिले. मागितलेल्या रकमेकडे बघूच नका; ती छापील किंमत असते, तेवढी कुणालाच मिळत नाही. दहा किंवा त्याहून कमी पेशंटच्या ओळी गाळलेल्या असतात, पेशंटची ओळख उघड होऊ नये म्हणून. त्यामुळे एखादा कोड यादीत दिसला नाही तर 'करत नाहीत' असं नव्हे, 'अकरा पेशंटपर्यंत पोचलं नाही' असं समजा.

बोटॉक्सचं उदाहरण घेते, कारण नवख्या माणसाला सगळ्यात मोठा धक्का तिथेच बसतो. जुनाट मायग्रेनसाठी डोकं, कपाळ, मान, खांदे मिळून ३१ ठिकाणी १५५ युनिट टोचतात, दर बारा आठवड्यांनी. टोचण्याचा कोड ६४६१५. औषधाचा कोड जे०५८५, आणि तो कोड मोजला जातो युनिटवर. बाटली २०० युनिटची असते. उरलेलं औषध फेकावं लागतं आणि त्याचंही बिल लागतं. आता समजा डॉक्टरकडे असे तीस पेशंट आहेत आणि प्रत्येकाला वर्षातून चारदा इंजेक्शन मिळालं. तीस गुणिले चार गुणिले दोनशे, म्हणजे चोवीस हजार. यादीत दिसणार 'सर्व्हिसेस: २४,०००'. वाचणाऱ्याला वाटतं, एका माणसाने वर्षात चोवीस हजार इंजेक्शनं दिली, हा उघड घोटाळा! प्रत्यक्षात ती १२० भेटींची गोष्ट आहे, आणि त्याच यादीत ६४६१५ पुढे १२० लिहिलेले असतात.

पैशाचंही तेच. युनिटला साधारण सहा डॉलर धरले तरी या एका ओळीवर जवळजवळ दीड लाख डॉलर दिसतील. तो डॉक्टरचा नफा नव्हे. क्लिनिकने औषध आधी विकत घेतलेलं असतं. मेडिकेअर औषधाची सरासरी विक्री किंमत आणि वर सहा टक्के देतं, आणि त्यातूनही थोडी कपात होते. मल्टिपल स्क्लेरोसिसचं ओक्रेलिझुमॅब किंवा अल्झायमरचं लेकानेमॅब क्लिनिकमध्येच सलाईनमधून देणाऱ्यांचे आकडे असेच फुगलेले दिसतात. म्हणून 'मेडिकेअरकडून सर्वाधिक पैसे घेणारे डॉक्टर' अशा बातम्या आल्या की मी आधी 'जे' ने सुरू होणारे कोड वजा करते आणि मग बघते.

उलट बाजूही आहे. रुग्णालयाच्या इमारतीत बसणाऱ्या डॉक्टरचे आकडे लहान दिसतात, कारण जागेचं आणि यंत्रांचं बिल रुग्णालय वेगळं लावतं. यादीत जागेचा रकाना असतो. तिथे 'फॅसिलिटी' आहे की 'ऑफिस' हे बघितल्याशिवाय दोन डॉक्टरांची तुलना करू नका.

आता सासूबाईंच्या तपासणीकडे येते. नसांतून वीज सोडून वेग मोजण्याच्या तपासणीचे कोड ९५९०७ ते ९५९१३. पहिला एक-दोन नसांच्या नोंदींसाठी, शेवटचा तेरा किंवा जास्त नोंदींसाठी. स्नायूत सुई घालून करायच्या तपासणीचे कोड वेगळे, ९५८८५ आणि ९५८८६, आणि ते प्रत्येक हाता-पायाला स्वतंत्र लागतात. बहुतेक आजारांत या दोन तपासण्या जोडीने केल्या जातात. एकीच्या निष्कर्षाशिवाय दुसरीचा अर्थ नीट लागत नाही.

या तपासण्यांची बिलं सरकारच्या डोळ्यांवर आधीच आलेली आहेत. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०११ ची बिलं तपासून २०१४ मध्ये अहवाल दिला, त्यात ४,९०१ डॉक्टरांची बिलं शंकास्पद वाटली होती आणि रक्कम होती १३ कोटी ९० लाख डॉलर.

मी तीन ओळी शेजारी ठेवून बघितल्या. नव्या पेशंटच्या भेटींचे कोड, म्हणजे ९९२०२ ते ९९२०५. मग ९५९१३. मग सुईचे कोड. आम्ही गेलो होतो त्या क्लिनिकच्या डॉक्टरांचे नवे पेशंट जितके, जवळपास तितक्यांनाच तेरा किंवा जास्त नोंदींचा कोड लागलेला होता. सुईचा कोड यादीत नव्हता. मुंग्या असोत, चक्कर असो, डोकेदुखी असो, जो येईल त्याला तीच मोठी तपासणी होत असावी असं त्यावरून वाटत होतं.

असावी, असंच म्हणते. नसांच्या तपासणीचाच दवाखाना असेल आणि बाकीचे डॉक्टर फक्त त्यासाठीच पेशंट पाठवत असतील, तर हाच आकडा अगदी रास्त ठरतो. सुईची तपासणी दुसऱ्या सहकाऱ्याच्या एनपीआयखाली जात असेल. म्हणून पुढची पायरी.

पायरी पाचवी: त्याच गावातले आणखी चार डॉक्टर

एकट्या डॉक्टरचा आकडा काहीच सांगत नाही. त्याच शहरातले, त्याच उपशाखेचे, खासगी क्लिनिकवाले तीन-चार न्यूरॉलॉजिस्ट घ्या आणि त्याच तीन ओळी काढा. मी एका कागदावर आडवी-उभी रेघ मारून लिहिते, एक्सेलसुद्धा लागत नाही. रक्कम लिहू नका, प्रमाण लिहा: शंभर नव्या पेशंटमागे किती मोठ्या तपासण्या. इतरांचं दहा-वीस आणि एकाचं नव्वद आलं, तर प्रश्न विचारायला कारण मिळालं.

तुलना करताना दोन गोष्टी मनात असू द्या. हे आकडे फक्त मूळ मेडिकेअरचे आहेत. आता अर्ध्याहून जास्त मेडिकेअरधारक खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनेत आहेत, आणि त्यांची बिलं या यादीत येत नाहीत. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी विमा) आणि नोकरीतला खासगी विमा तर नाहीच नाही. म्हणजे तिशी-चाळिशीतल्या मायग्रेनच्या पेशंटना बघणाऱ्या डॉक्टरचं बहुतेक काम तुम्हाला दिसणारच नाही. (औषधांच्या चिठ्ठ्यांच्या यादीत मात्र ॲडव्हांटेजवाल्यांच्या चिठ्ठ्याही येतात.) दुसरं असं की नर्स प्रॅक्टिशनरने तपासलेला पेशंट कधी कधी नियमाप्रमाणेच डॉक्टरच्या नावावर बिल केला जातो, कारण तिच्या स्वतःच्या नावावर ८५ टक्केच मिळतात. एका माणसाने दिवसात इतके पेशंट कसे पाहिले, या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा तेच असतं. आणि आकडे साधारण दोन वर्षं जुने असतात.

कंपन्यांच्या नोंदीतही चुका होतात. प्रसिद्धीआधी डॉक्टरांना त्या तपासायला ४५ दिवस मिळतात आणि हरकत घेतलेली नोंद तशी खूण करून दाखवली जाते. ती खूण दिसली तर ती ओळ सोडून द्या.

याच्याच जोडीला राज्याच्या मेडिकल बोर्डावर लायसन्स आणि शिस्तभंगाच्या कारवाया बघा, आणि न्यूरॉलॉजीचं बोर्ड सर्टिफिकेट चालू आहे का तेही. दहा मिनिटांचं काम आहे, आणि खरं सांगायचं तर जेवणाच्या ओळींपेक्षा त्याचं वजन जास्त.

पायरी सहावी: खोलीत काय बोलायचं

प्रिंटआउट घेऊन जाऊ नका. डॉक्टरांना समोर कागद दिसला की बोलणं तिथेच आखडतं, आणि आपल्याला तर त्यांच्याकडून माहिती हवी असते. आकड्यांतून सापडलेली गोष्ट साध्या प्रश्नात बदला.

तपासणीबद्दल: "या तपासणीत काय आलं तर आपण उपचार बदलणार, आणि काय आलं तर तेच चालू ठेवणार?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने खूश होतो. मी बघितलंय.

औषधाबद्दल: "याच कामाचं जेनेरिक आहे का? आधी ते देऊन बघता येईल का?"

कंपनीबद्दल विचारायचंच असेल तर सरळ विचारा: "या कंपनीसाठी तुम्ही बोलता असं मी वाचलं. या औषधाबद्दल तुमचा अनुभव काय?" आवाजात आरोप नको. बरेच डॉक्टर मोकळेपणाने सांगतात.

मराठी माणसाला हे जड जातं, ठाऊक आहे. आपल्याकडे डॉक्टरांना उलट विचारायची सवय नाही, आणि विचारायचं तर हातात काही नसतं. भारतात १२ मार्च २०२४ ला औषध कंपन्यांच्या विक्रीपद्धतींसाठी नवी आचारसंहिता आली, तिने डॉक्टरांना भेटवस्तू द्यायला मनाई केली. पण कुठल्या डॉक्टरला कुठल्या कंपनीने काय दिलं याची नावानिशी यादी पुण्यात किंवा नागपुरात बसून तुम्हाला उघडता येत नाही. इथे ती उघडता येते, तर उघडावी.

मंगळवारी मी पहिल्या क्लिनिकला फोन करून हाच प्रश्न विचारला: सुईची तपासणी होणार का, आणि हातांना काही त्रास नसताना हात कशाला? उत्तर मिळालं, "आमच्याकडे सगळ्यांचं असंच करतात." अपॉइंटमेंट रद्द केली.

दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टच्या नावावर ओपन पेमेंट्समध्ये चाळीसएक जेवणं आणि एका मायग्रेनच्या औषधासाठी सल्ल्याची फी होती. बेरीज पहिल्या डॉक्टरांपेक्षा कितीतरी जास्त. पण आमचा प्रश्न मायग्रेनचा नव्हता, आणि नसांच्या तपासण्यांचं त्यांचं प्रमाण इतरांसारखंच होतं. त्यांनी सासूबाईंना मोजे काढायला सांगितले. पायाच्या अंगठ्यावर कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क ठेवला आणि विचारलं, "थांबला की सांगा." सासूबाई लगेच म्हणाल्या, "थांबला." तो अजून थरथरत होता, मला दिसत होतं.

मग त्यांनी विचारलं, मधुमेहाची मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे, आणि घरात मांस-मासे खातात का. चौदा वर्षं, आणि नाही. साखर, बी-१२ आणि रक्तातल्या प्रथिनांची तपासणी, एवढंच लिहून दिलं. बी-१२ फारच खाली आलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी घरात ते मुळातच कमी असतं, हे त्यांनी कागदावर आकृती काढून सांगितलं.

इंजेक्शनं सुरू झाली. नसांची तपासणी दोन महिन्यांनी झाली, फक्त पायांची. बिल आलं तेव्हा मी ते चहाच्या कपाशेजारी ठेवून सासूबाईंना ओळ न् ओळ वाचून दाखवलं: सात-आठ नोंदींचा ९५९१० एकदा, सुईचा ९५८८६ दोनदा, एकेका पायाचा एकेक. त्यांनी चष्मा चढवला, आपल्या बोटाने त्या तीन नोंदी पुन्हा मोजल्या आणि म्हणाल्या, "हो, दोनच पायांना टोचलं होतं."